दोन जोड बाहेर

"किती झाले?" सुवार्ताने स्वयंपाकघरातून विचारलं.

"सात. उजागरे आणि शोभना यायचे आहेत."

"एकत्र येऊ नका म्हणावं. मागच्या शुक्रवारी दोघं एकाच लिफ्टने आले."

"लिफ्टमध्ये भेट झाली तर काय करतील बिचारे?"

"एकाने दुसऱ्या मजल्यावर उतरायचं. एवढं कळत नाही का?"

मी दार किलकिलं करून जिन्यात पाहिलं. जिना रिकामा होता. समोरच्या बिऱ्हाडाचं दार बंद होतं. आमच्या उंबऱ्याबाहेर सात जोड चपला होत्या.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. आमची माणसं अजून तिथे कामाला आहेत. मी एका कंपनीत एसी दुरुस्तीला होतो आणि सुवार्ता सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या नोकरीमुळे आम्हाला बिऱ्हाड मिळालं होतं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथल्या सरकारने एक सोडून बाकी सगळ्या धर्मांची उपासना बंद केली होती. देऊळ नाही, चर्च नाही, घरातसुद्धा चार माणसांनी जमून प्रार्थना करायची नाही. पकडलं तर तुरुंग, मग विमानात बसवून परत. आमच्या आधीच्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या केरळच्या लोकांना असंच नेलं होतं. त्यांच्यातला एक जण तुरुंगातून परत आलाच नाही.

तरीही दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे नऊ माणसं यायची. सगळी आपल्याकडचीच, नगर, जालना, सोलापूरची. आमच्यात पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. सुवार्ताचे वडील राहुरीकडे पाळक होते, पण तिने कधी तो मान घेतला नाही. ती फक्त नवा करार उघडायची आणि एक अध्याय वाचायची. तो छोटा नवा करार आठवडाभर पिठाच्या डब्यात, पिठाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत असायचा. भाकर म्हणून चपाती. द्राक्षारस म्हणून रात्री भिजवलेल्या मनुकांचं पाणी. गाणी आम्ही आवाज न काढता म्हणायचो, नुसते ओठ हलवून. उजागरे क्रेन चालवायचा, गावाकडे तबला वाजवायचा. तो आपल्या मांडीवर दोन बोटांनी ठेका धरायचा. खोलीत तेवढाच आवाज.

आता चपलांचं. आम्हा लोकांना जिथे देवाचं वचन उघडलंय तिथे पायात चपला घालून बसणं जमत नाही. जमिनीवर सतरंजी टाकून बसायचं आणि चपला उंबऱ्याबाहेर. हे कुणी शिकवलेलं नाही, हातापायांतच आहे. सुरुवातीला सुवार्ता म्हणाली होती, चपला पायातच राहू द्या, धोका आहे. तेव्हा शोभना म्हणाली, "ताई, पोलिसांना भिऊन देवासमोर चपला घालून बसायचं तर मग जमायचंच कशाला?" मग महिनाभराने असं ठरलं की माणसं दाराबाहेरच चपला काढतील आणि सगळे आल्यावर मी त्या आत घेईन. बाथरूममध्ये एक मोठा टब होता, त्यात ठेवायच्या. हे काम माझ्याकडे आलं. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या सेवकाला डिकन म्हणतात, म्हणून उजागरे मला चपलांचा डिकन म्हणायचा.

"डिकनसाहेब, माझी जरा पुसून ठेवा," असं म्हणून आत शिरायचा.

आम्ही जमतो हे बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. इमारतीचा वॉचमन. हुसेनमिया पारकर, महाडजवळच्या खाडीकाठच्या गावचा, वय पन्नासच्या आसपास. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. पहिल्या महिन्यातच त्याच्या लक्षात आलं होतं. मी खाली कचरा टाकायला गेलो तर तो मराठीत म्हणाला, "भाऊ, नऊ मानसं वर जातात आनि तुझ्या दाराशी चपलांचा बाजार भरतो. आत घे त्या."

मी घाबरलो. म्हणालो, "वाढदिवस होता."

"दर शुक्रवारी वाढदिवस? मला काय सांगू नको, मी काय विचारत नाय. देवाचं नाव घेनाऱ्याला धरून द्यायचं पाप मला नको. चपला तेवढ्या आत घे."

त्या दिवसापासून आम्ही शुक्रवारी बाहेर पडलो की तो नजर वर करायचा आणि मी मान हलवायचो. म्हणजे घेतल्या. सुवार्ताने एकदा त्याच्या पायाचं गळू कापून, रोज खाली जाऊन पट्टी बदलली होती. तो तिला सिस्टर म्हणायचा. तिने सांगितलेलं औषध तो घ्यायचा, आणि त्याने सांगितलेलं ती ऐकायची. माझं मात्र ती फारसं ऐकत नसे.

त्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी मी तिला शेवटचं विचारलं होतं.

"थोडे दिवस बंद ठेवू या. समोरची बाई दार उघडं ठेवून बसायला लागली आहे. तिचा नवरा सरकारी कचेरीत कारकून आहे."

"बसू दे. तिच्या घरात गरम होत असेल."

"मी एसीवाला आहे. तिचा एसी चालू आहे."

ती हसली. मग कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्हाला भीती वाटते तर शुक्रवारी तुम्ही बाहेर जात जा. मी कुणाला काही म्हणणार नाही."

"तुला नेलं तर?"

"नेलं तर नेलं. शोभनाला नवऱ्याने टाकलंय, मुलगा गावाला आहे. आठवड्यात हा एक तास ती रडते. तो तास मी कसा काढून घेऊ?"

हे ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर त्या शुक्रवारी दहा वाजता शोभना आली, पाच मिनिटांनी उजागरे. त्याने नेहमीप्रमाणे "डिकनसाहेब" म्हणून मला चिमटा काढला. सगळे आत गेल्यावर मी बाहेर वाकलो, चपला गोळा केल्या, दोन खेपांत बाथरूममध्ये नेल्या. दार लावायला सुवार्ता आली होती. मी टबाशी होतो. कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला.

अध्याय वाचून झाला. चपाती मोडायची वेळ आली तेव्हा बाहेर पावलं वाजली. धावत कुणीतरी जिना चढत होतं. मागून खालच्या मजल्यावर जड बुटांचे आवाज. चाचाचा आवाज आला, मुद्दाम मोठ्याने, अरबीत, "लिफ्ट बंद आहे साहेब, सावकाश या." लिफ्ट बिघडली नव्हती. त्याने बंद केली होती.

सुवार्ताने बोट ओठांवर ठेवलं. तिच्या दुसऱ्या हातात चपाती तशीच होती. मी दाराशी गेलो आणि भिंगाला डोळा लावला.

चाचा आमच्या उंबऱ्याशी वाकला होता. त्याचा श्वास लागला होता. उठला तेव्हा त्याच्या हातात बायकांच्या चपलांचे दोन जोड होते. एक काळ्या पट्ट्याचा, तो शोभनाचा. दुसरा कोल्हापुरी. ते त्याने सदऱ्याखाली घालायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात ते वर पोचले. धर्मखात्याची दोन माणसं आणि एक पोलीस.

"हे काय आहे?" त्यातला वयस्क माणूस म्हणाला. तिथे चार वर्षं काढल्यावर एवढी अरबी मला कळत होती.

चाचाने चपला खाली टाकल्या नाहीत. छातीशी धरून उभा राहिला.

"कुणाच्या?"

"माहीत नाही, साहेब."

"तुझ्या हातात कशा?"

चाचाने एकदा आमच्या दाराकडे पाहिलं. भिंगाकडेच. आतून कुणी डोळा लावला की भिंग काळं दिसतं, हे त्याला माहीत होतं. ते भिंग दाराला बसवताना मीच त्याला दाखवलं होतं.

"चोरल्या," तो म्हणाला.

"चोरल्या?"

"वाळत घातल्या होत्या. जिन्यात. मी गरीब माणूस आहे, साहेब. गावाला बायकोला पाठवायच्या होत्या."

पोलिसाने त्याच्या तोंडात मारली. वयस्क माणूस आमच्या दाराजवळ आला. त्याच्या आणि माझ्यामध्ये एक लाकडी फळी होती. माझ्या मागे सुवार्ता आणि नऊ माणसं श्वास धरून बसली होती.

"इथे कोण राहतं?"

"दवाखान्यातली नर्स, साहेब. रात्रपाळी करून आली आहे. झोपली असेल. तिच्याच चपला आहेत."

बराच वेळ तो माणूस तिथेच उभा राहिला. मग पोलीस म्हणाला, "चोर तर सापडला." आणि ते चाचाला घेऊन खाली गेले. पायऱ्यांवर कुणीतरी एकदा घसरल्याचा आवाज आला.

मी दार उघडलं नाही. कडीवर हात होता. तो तसाच राहिला.

एक तास कुणी जागचं हललं नाही. मग एकेक जण निघाला. शोभना सुवार्ताच्या सँडल घालून गेली. दुसरीला सुवार्ताने घरातल्या रबरी चपला दिल्या. त्या तिला मोठ्या होत्या, जिन्यात फटफट वाजत गेल्या.

सगळे गेल्यावर सुवार्ता माझ्यासमोर बसली.

"दोन जोड बाहेर कसे राहिले?"

"नजरचुकीने," मी म्हणालो. "उजागरे बोलत होता. माझं लक्ष राहिलं नाही."

तिने खाली पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चूक होते माणसाची."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून मला बोलावणं आलं. सुवार्ता येते म्हणाली. मी नको म्हणालो.

तिथला अधिकारी तरुण होता आणि बोलायला सभ्य. त्याने मला चहा दिला. टेबलावर वर्तमानपत्रावर ते दोन जोड मांडले होते. चाचा भिंतीशी बाकावर होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. हात बांधलेले नव्हते, तरी तो ते मांडीवर एकावर एक ठेवून बसला होता.

"हा म्हणतो, या चपला त्याने तुमच्या दारातून चोरल्या," अधिकारी इंग्रजीत म्हणाला. "खरं आहे का?"

मी चपलांकडे पाहिलं.

"दोन मापाच्या आहेत," तो म्हणाला. "तुमच्या बायकोचे पाय दोन मापाचे आहेत का?" आणि हसला. पण माझ्या चेहऱ्यावरची नजर त्याने काढली नाही. "की तुमच्याकडे पाहुणे होते?"

तेव्हा चाचा बोलला. जमिनीकडे बघत, हळू आवाजात, आपल्या मराठीत.

"भाऊ, हो म्हन. एकदाच म्हनायचंय. नाय म्हनालास तर सगळे जातील. सिस्टर पयली जाईल. हो म्हन."

"काय म्हणतोय?" अधिकाऱ्याने मला विचारलं.

"माफी मागतोय," मी म्हणालो.

"आणि चपला?"

"माझ्या बायकोच्या आहेत. एक जोड तिने मैत्रिणीसाठी घेतला होता. नवीन म्हणून वारा लागायला बाहेर ठेवले होते."

"म्हणजे याने चोरल्या."

"हो."

त्याने कागद पुढे केला. अरबीत लिहिलेला होता. मी सही केली. चपला मला परत दिल्या, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून. बाहेर पडताना मला चाचासमोरून जावं लागलं. त्याने नेहमीप्रमाणे नजर वर केली. सवयीने माझी मान हलली.

चाचाला सहा महिने तुरुंग झाला. फटकेही झाले. किती, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नंतर त्याला परत पाठवलं. त्याच्या खोलीतलं सामान सुवार्ताने बांधून कुणाच्या तरी हाती गावी पोचवलं.

त्या शुक्रवारनंतर तीन आठवडे कुणी आलं नाही. सुवार्ता दहा वाजता सतरंजी टाकायची, एकटी वाचायची, चपाती मोडून अर्धी मला द्यायची. पहिल्याच शुक्रवारी तिने हुसेन पारकर हे नाव घेऊन प्रार्थना केली आणि पुढे एकही शुक्रवार ते नाव चुकवलं नाही. चौथ्या शुक्रवारी दार वाजलं. उजागरे होता. बूट पिशवीत घालून, मोज्यांवर उभा. त्याने मला डिकन म्हटलं नाही. कधीच म्हटलं नाही पुढे. मग शोभना आली. महिन्याभरात नऊच्या नऊ परत आले. प्रत्येकाच्या हातात पिशवी.

म्हणजे बंद काहीच झालं नाही.

आम्ही अजून दोन वर्षं तिथे होतो. मग नगरला आलो, सावेडीत घर घेतलं. सुवार्ता इथल्या दवाखान्यात लागली, निवृत्त झाली. मूलबाळ झालं नाही. दर नाताळला ती म्हणायची, "महाडला जाऊन येऊ या. चाचांना बघू या." मी दर वेळी काहीतरी कारण काढायचो. गाडी दुरुस्तीला आहे. पाहुणे येणार आहेत. एका वर्षी म्हणालो, आता ते असतील तरी का. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा त्या वर्षी विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र ती रोज करायची. मी बाहेरून आलो की माझ्या चपला दारातून उचलून आत ठेवायची. मी म्हणायचो, "अगं, इथे कशाला? नगर आहे हे." ती म्हणायची, "राहू द्या. सवय झाली."

मागच्या वर्षी तिला आतड्याचा कर्करोग निघाला. स्वतः नर्स, तिला सगळं आधीच कळलं होतं. शेवटच्या आठवड्यात घरीच आणलं. एक दिवस दुपारी मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. तिने माझा हात थांबवला.

"एक सांगायचं राहिलंय."

"नंतर सांग. दोन चमचे घे."

"नंतर कधी? ऐका. तुम्ही इतकी वर्षं एकटेच दोष घेत राहिलात. मला दिसत होतं. महाडचं नाव काढलं की तुमचा चेहरा उतरायचा." ती थांबली, दम घेतला. "त्या दिवशी दाराची कडी मी लावली. लावण्याआधी मी बाहेर बघितलं होतं. दोन जोड दिसले मला. शोभनाचा काळा पट्टा दिसला. म्हटलं, हे तुमचं काम, तिसऱ्या खेपेला तुम्ही घ्याल. आणि दार लावलं. वाकायचं तेवढं होतं हो. वाकले नाही."

मी चमचा वाटीत ठेवला.

"मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली. मंडळीची मोठी बाई ना मी. चाचांचे फटके माझ्यामुळे बसले. तुम्ही जा त्यांच्याकडे. सांगा, सुवार्ताची चूक होती. भाऊची नव्हती. सांगाल ना?"

तिचे डोळे माझ्यावर होते. ती माझं ओझं उतरवत होती. मी तोंड उघडलं. अजून वेळ होता. दुपारचे दोन वाजले होते, घरात आम्ही दोघंच होतो, ती शुद्धीवर होती.

"सांगतो," मी म्हणालो.

तिने मान टेकली. चौथ्या दिवशी ती गेली.

दोन महिन्यांनी मी महाडची एसटी धरली. तिथून पुढे रिक्षाने खाडीकाठी. वॉचमन पारकर म्हटल्यावर दुकानदाराने घर दाखवलं. कौलारू घर, पुढे पडवी. चाचा खाटेवर बसला होता. ऐंशीच्या पुढचा. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, पाठ डाव्या बाजूला वाकलेली. मी अंगणात उन्हातच चपला काढल्या आणि पडवीत चढलो.

"कोन हाय?"

"भिंगारदिवे. नगरचा. तिसरा मजला."

त्याने हाताने खाट चाचपून जागा दाखवली.

"बस. सिस्टर कुठाय?"

"गेली. दोन महिने झाले."

त्याने ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "चांगली बाई. माझा पाय तिनं वाचवला. नायतर तिथंच कापला असता."

"तिने निरोप दिलाय," मी म्हणालो, आणि तिने सांगितलेलं सगळं सांगितलं, तिच्याच शब्दांत. कडी, काळा पट्टा, वाकायचं तेवढं होतं.

तो हसला. दात नव्हते. "येडी. एवढी वर्सं हे घेऊन बसली? तिची कसली चूक? बायका दार लावतात, चपला मोजत बसत नाय."

"तिची नव्हतीच, चाचा."

"मग झालं तर. तुझीपन नाय. नजरचूक."

"माझ्या हातून राहिल्या नव्हत्या. मी ठेवल्या होत्या."

त्याचं तोंड माझ्याकडे वळलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी मला खाली बघावं लागलं.

"मुद्दाम ठेवल्या. दोनच. वाटलं, समोरची बाई बघेल, तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल. तुम्ही सुवार्ताला बंद करा म्हणाल. तुमचं तिने ऐकलं असतं. माझं ऐकत नव्हती. मला तिला वाचवायचं होतं. पोलीस येतील असं मनात नव्हतं."

खाडीवर कुणाची तरी होडी दुरुस्त करत होते, हातोडीचे ठोके येत होते. चाचाचा हात पाठीमागे गेला, वाकलेल्या बाजूला, आणि तिथेच राहिला.

"पोलिसात हो म्हनालास, त्याचं काय नाय," तो शेवटी म्हणाला. "ते मीच सांगितलेलं."

"हो."

"हे सिस्टरला सांगितलंस?"

"नाही."

"तिनं तिचं सांगितलं, तेव्हापन नाय?"

"नाही."

"म्हंजे ती आपली चूक समजूनच गेली."

"हो."

"मग मला कशाला सांगतोस?"

आतून चहा आला, मी प्यायलो. त्याने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मग त्याने आतल्या सुनेला हाक मारली.

"पावन्याच्या चपला उन्हात हायत का गो?"

"हो, अंगणात हायत."

"आत घे. तापतील."